आक्कांचा ओटा : अकरा डांगरांचा हिशेब

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अंकात मी घागरीबद्दल लिहिलं होतं. पितरांच्या घागरीशेजारी माझी माय एक लहान लोटी वेगळी भरायची. ती माझ्या भावाची, उत्तमची. तो १९७१ च्या लढाईत गेला, असं त्यात ओझरतं येऊन गेलं. सांजोरीची कृती मी दीड पान दिली होती, तिच्यावर एकही पत्र नाही. त्या एका ओळीवर मात्र गठ्ठा आला. त्यातली चार पत्रं आज घेते. नावं-गावं काढली आहेत, ओळखू येतील असे तपशीलही थोडे बदलले आहेत.

प्रश्न : आक्का, मी पारोळा तालुक्यातला. वय २६. गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा मित्र सैन्यात होता, आठ महिन्यांपूर्वी सीमेवर गोळीबारात गेला. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. भरतीसाठी पहाटे चारला उठून दोघं सोबत पळायचो. भरतीच्या रॅलीत सोळाशे मीटर धावण्यात तो पास झाला, मी काही सेकंदांनी हुकलो. त्याला गावात आणलं त्या दिवशी बॅनर मीच छापून आणले, मोटारसायकलींच्या रांगेत पुढे मीच होतो, घोषणा देऊन देऊन घसा बसला. पण त्याच्या आईसमोर गेलो नाही. गंधमुक्तीला (सुतक फिटायच्या दिवशी) पंगतीत वाढायला उभा राहिलो, घरात पाय ठेवला नाही. आता त्यांच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून मारुतीच्या पारामागून फिरून दुकानावर जातो. माझ्या मोबाइलमध्ये त्याचे पुष्कळ व्हॉइस मेसेज आहेत. दुकान टाकताना त्याने दिलेले चार हजार रुपयेही परत करायचे राहिले. मला पाहून काकूंच्या मनात येईल की हा घरी राहिला आणि माझा गेला. इतक्या उशिरा जाणं बरं दिसेल का? जाऊन काय बोलू?

उत्तर : भाऊ, आधी ते पारामागून फिरणं बंद कर. गाव केवढं! तू कुठून वळतोस हे काकूंना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. आईला पोराच्या दोस्ताची पावलं ओळखू येतात, आणि येईनाशी झाली तर त्याहून लवकर कळतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते, म्हणजे तुझं तुला ठरवता येईल.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचं गाव बोरीकाठी, अमळनेरपासून बैलगाडीने दीड तास. उत्तम मराठा लाइट इन्फंट्रीत होता, पूर्वेच्या आघाडीवर. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, ती बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर साऱ्या गावाने ऐकली. लढाई संपली, पोऱ्या आता सुट्टीवर येईल म्हणून बापूंनी गल्लीभर गूळ वाटला. तार आली तीन दिवसांनी. उत्तम जमालपूरकडच्या लढाईत आधीच गेला होता. म्हणजे बापू गूळ वाटत होते तेव्हा तो या जगात नव्हताच. याचा सल बापूंना शेवटपर्यंत राहिला. पुढे माझं लग्न ठरलं, नातवंडं झाली, पण आमच्या घरात आनंदाचा गूळ पुन्हा कधी वाटला गेला नाही. साखर वाटायचे.

तार इंग्रजीत होती. डाकवाले काका ती घेऊन ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. प्याले. पुन्हा पाणी मागितलं. मग म्हणाले, "बापू, मास्तरांना बोलवा." त्यांना मजकूर ठाऊक होता, आणि त्यांना तो ठाऊक आहे हे बापूंना त्या दुसऱ्या तांब्यालाच कळलं, असं बापू पुढे सांगायचे.

तेव्हा पार्थिव गावी आणायची पद्धत नव्हती. रणांगणाच्या जवळपासच अग्नी द्यायचे. घरी यायची ती तार, मागाहून साहेबांचं पत्र, आणि आणखी काही महिन्यांनी जवानाची काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगाने नंबर. तिरंग्यातली शवपेटी गावोगाव यायला लागली ती १९९९ च्या कारगिलपासून. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले, तेव्हा टीव्हीवर रोज कुठलं तरी गाव दिसायचं. आता तुम्हा पोरांना तेच रूप माहीत : फुलांनी सजवलेली गाडी, बंदुकांची सलामी, घड्या घालून आईच्या किंवा बायकोच्या हातात दिलेला झेंडा. आम्हाला यातलं काहीच मिळालं नाही. मायने तर कितीतरी वर्षं मनात धरलं होतं की तार चुकीच्या घरी आली. तुझ्या काकूंनी निदान त्याला पाहिलं. पण एक आहे. आम्हाला मिळाली ती रिकामी गल्ली त्यांना मिळाली नाही. पहिले बारा दिवस ते घर त्यांचं नसतंच. ते तहसीलदारांचं असतं, आमदारांचं असतं, कॅमेरेवाल्यांचं असतं, तुम्हा घोषणा देणाऱ्यांचं असतं.

म्हणून उशीर झाला, आता बरं दिसेल का, हे डोक्यातून काढ. दारवर, म्हणजे दुःखाच्या घरी भेटायला, जायचं ते गंधमुक्तीच्या आत, ही आपली रीत चांगलीच आहे; पण ती खाटेवर आलेल्या मरणासाठी बांधलेली आहे. जवानाच्या घरी खरी वेळ गर्दी हटल्यावर सुरू होते. तू आठ महिन्यांनी जातोयस, म्हणजे वेळेवर जातोयस.

आता काय बोलायचं. आमच्या दारवर आलेल्यांपैकी एक मोठे गृहस्थ, फेटा बांधलेले, मायला म्हणाले, "माउली, असा पुत्र घरोघरी जन्मावा." माय खाली मान घालून बसली होती. ते गेल्यावर चुलीपाशी मला म्हणाली, "तेस्ना घरमा का नही जन्मना?" एवढंच, आणि भाकरी थापायला लागली. वाईट माणूस नव्हता तो. आमच्या शाळेला त्याने पुढे विहीर दिली. पण माय त्या विहिरीचं पाणी कधी प्याली नाही.

दुसऱ्या कोणी सांगितलं, वीराच्या आईने रडू नये. मायने ते ऐकलं, हे जास्त वाईट झालं. ती रडेना. तीन महिने. शेजारणी म्हणायच्या, काय धीराची बाई! मी तिची लेक, मला माहीत होतं की ती रात्री उठून गोठ्यात जाऊन बसते.

मग होळी झाली, उन्हं तापली, आणि बुधा आबा आले. बोरीच्या वाळूत ते डांगरांचे वेल लावायचे. (पुण्यामुंबईच्या वाचकांनी लाल भोपळा समजू नये. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज.) भांडकुदळ म्हातारा, पोरांचा वैरी. तार आली तेव्हा ते दारवर आलेच नव्हते, त्याबद्दल गावाने त्यांना नावं ठेवली होती. ते आले, ओट्याच्या खाली उकिडवे बसले, बिडी काढली, पुन्हा खिशात ठेवली, आणि मायला म्हणाले, "तुना उत्तमकडे मना अकरा डांगर निंघतस."

मी आत होते. मला वाटलं, आता याला झाडूने मारावं. उत्तमने भरतीला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या वाळूतली डांगरं चोरली होती, त्याचा हिशेब मागायला हा म्हातारा आला होता.

माय काय म्हणाली असेल? म्हणाली, "अकराच? तो तर बारा सांगे."

आणि हसली. पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. बुधा आबा तिथेच बसून राहिले. मध्येच चोरी कशी झाली ते सांगायचे. उत्तम नदीच्या पलीकडून पोहत कसा यायचा, डांगर पाण्यावर सोडून देऊन खाली कसा धरायचा, कुत्र्यालाही त्याने कसा भाकरी घालून फितवला होता. यातलं अर्धं आम्हाला माहीत नव्हतं. तीन महिने आम्ही ज्याच्याबद्दल ऐकत होतो तो कोणी वेगळाच होता, छातीवर गोळ्या झेलणारा, फोटोतला. आमचा उत्तम बुधा आबांनी आणला.

उठताना मायने दोन पायली दादर ज्वारी मोजून त्यांच्या पुढ्यात ठेवली. डांगरांचे म्हणून. आणि आबांनी ती घेतली. राहू दे माय, असू दे माय, काही केलं नाही. उपरण्यात बांधली आणि गेले. ती त्यांनी नाकारली असती तर आख्खी दुपार वाया गेली असती, हे त्या अडाणी म्हाताऱ्याला कुठून कळलं ते मला अजून कळलेलं नाही.

तर भाऊ, तुझ्याकडे चार हजार रुपये आहेत. याहून चांगलं काय घेऊन जाणार तू? शाल नको, फूल नको, फ्रेम तर मुळीच नको, त्यांच्या भिंतीवर आता खिळ्याला जागा उरली नसेल. नोटा पाकिटात घालू नकोस, पाकिटातले पैसे मदतीचे वाटतात. सुट्या ने, काकांपुढे मोज, आणि सांग की कशासाठी घेतले होते, कधी देतो म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने किती वेळा तगादा लावला. लावला असेलच. काका म्हणतील, राहू दे रे. तेव्हा म्हण, "काका, तो असता तर त्याने सोडले असते का?"

दुपारी चारच्या सुमाराला जा. काका शेतातून आलेले असतात, चहाची वेळ असते, आणि दिवे लागायला अवकाश असतो. तिन्हीसांजा मात्र टाळ, ती वेळ अशा घरात फार जड जाते. एकटा जा. दोस्तांचं टोळकं नेलंस तर ते पुन्हा शिष्टमंडळ होतं. दारात उभं राहून वाक्य जुळवत बसू नकोस. "काकू, मी उनू. माले उशीर व्हयना." बस. एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. त्याला घरात ज्या नावाने हाक मारायचे (तू पत्रात लिहिलंयस, मी छापत नाही) त्याच नावाने बोल. चौकात तो 'शहीद जवान' आहे, चुलीपाशी नाही.

चहा दिला तर पी. जेवायला थांब म्हटलं तर थांब.

तुझी खरी भीती पुढेच आहे, मी ती विसरलेली नाही. हा का राहिला, असं काकूंच्या मनात येईल का? येईल. कदाचित बोलूनही दाखवतील. १९७२ च्या पावसाळ्यात उत्तमच्या पलटणीतला एक जण आमच्याकडे आला होता, साताऱ्याकडचा. एवढ्या लांबून, एसटी बदलत, भिजत. मायने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कसा उना मंग?" घरात कोणाचा श्वास ऐकू येईना. तो काही बोलला नाही. टोपी मांडीवर ठेवून बसला. मायनेच शेवटी ताट वाढलं. पुढच्या सुट्टीला तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्या सुट्टीला पुन्हा. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन आला, तेव्हा मायने तिची खणानारळाने ओटी भरली. तो प्रश्न तिने त्याला परत विचारला नाही, पण मागेही घेतला नाही. आला तर येऊ दे तो प्रश्न. त्याला उत्तर नसतं, आणि तुझ्याकडे ते मागितलेलंही नसतं. ऐकून घे आणि पुन्हा जा.

व्हॉइस मेसेजचं. पहिल्या दिवशी वाजवू नकोस. काकांना बाजूला घेऊन नुसतं सांगून ठेव की माझ्याकडे त्याचा आवाज आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा आणीन. काही आईबाप लगेच मागतात, काहींना वर्ष लागतं. पण आजच्या आज ते सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेव. मोबाइल पाण्यात पडतात, हे तुझ्या धंद्यात मी तुला काय सांगू? एकेक मेसेज आधी तू ऐक. एखाद्या मुलीबद्दल काही असेल तर ते तुझ्यापाशी ठेव. शिव्या असतील तर राहू दे. त्या पोराच्या आईने त्याच्या शिव्या ऐकलेल्या नाहीत असं तुला वाटतं का?

आमच्याकडे उत्तमचा आवाज नाही. माझ्या डोक्यातलाही आता गेला. हसणं आठवतं, बोलणं आठवत नाही.

आणखी एक. तू छापलेला तो बॅनर चौकात अजून असेल, तर आठ महिन्यांच्या उन्हापावसाने त्याचा चेहरा गेला असेल. काकू दळणाला त्याच्याखालून जातात. काकांना विचार आणि वाऱ्याने फाटायच्या आधी स्वतः उतरव.

प्रश्न : मी मूळची भुसावळची, आता पुण्यात नोकरी करते. माझ्या चुलत आतेभावाचा मुलगा सैन्यात होता, गेल्या महिन्यात गेला. मला जाता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चांगला संदेश काय पाठवावा? दोन-चार ओळी लिहून द्याल का?

उत्तर : नाही देणार. माझ्या ओळी मग अंकाच्या साऱ्या वाचकांकडून त्या माउलीला जातील.

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं. ते घे आणि हाताने लिही. भावपूर्ण श्रद्धांजलीचा हात जोडलेला फोटो रात्रीत दोनशे जणांकडून येतो आणि सकाळी बोटाने वर ढकलला जातो. कार्ड मात्र देव्हाऱ्यामागे, डब्यात, गादीखाली राहतं. त्या मुलाला तू शेवटचं कधी पाहिलंस ते लिही. लग्नात पाहिलं असशील, बारशाला. काय घातलं होतं, काय खात होता. एकदाच पाहिलं असेल तर एकदाचंच लिही. अभिमान, बलिदान, मातृभूमी हे शब्द सगळ्यांनी वापरून झालेत, तुझ्या कार्डावर त्यांना जागा नको.

उत्तमच्या साहेबांचं पत्र इंग्रजीत होतं. बापू ते दर दोन-तीन महिन्यांनी मास्तरांकडे न्यायचे आणि वाचून घ्यायचे. त्यात शौर्याबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. तो आला की बापू इकडेतिकडे बघायचे. शेवटी एक ओळ होती की हा मुलगा नेहमी हसतमुख असायचा. तिथे मास्तरांना थांबवायचे. "पुन्हा वाचा." मास्तर पुन्हा वाचायचे. "हां. हसे तो."

ती एक ओळ त्या साहेबाने कुठल्याशा खंदकात, डोक्यावर दहा कामं असताना लिहिली असेल. बापू तिच्यावर सोळा वर्षं जगले.

प्रश्न : रावेर तालुक्यातून लिहितो. माझा भाचा दीड वर्षापूर्वी गेला. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी असते. बहीण आणि मेहुणे एकटे. अजूनही लोक भेटायला येतात, पण दोन मिनिटं झाली की विचारतात, कोटभर मिळाले म्हणे, सून सगळं घेऊन गेली म्हणे. बहीण आधीच खचलेली, त्यात हे ऐकून आता सुनेलाच शिव्या देते. मी भाऊ म्हणून काय करू?

उत्तर : भाऊसाहेब, तुम्ही मामा आहात, तुम्हाला ओट्यावर बसून दार अडवायचा हक्क आहे. पैशाचं विचारणाऱ्याला सांगा, "हिशेब जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळतो, जळगावला. गाडीभाडं देऊ का?" एकदा म्हटलंत की गावभर होईल, मग कोणी विचारणार नाही. अशा वेळी उद्धट म्हणवून घेतलेलं बरं.

माहितीचं बोलायचं तर, लढाईत गेलेल्या जवानाचं उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन लग्न झालेलं असेल तर पत्नीच्या नावाने निघतं, जवान अविवाहित असेल तर आईवडिलांना निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. विम्याचे पैसे त्याने ज्याचं नाव लिहून ठेवलं असेल त्याला. यात सुनेने काही 'नेलं' असं होत नाही, कायद्याने ते जिथे जायचं तिथे गेलं. आईबापांचा वाटा यात असावा का, हा वाद देशभर चालू आहे, आणि माझं मत विचाराल तर काही तरी असावा. ज्यांनी वीस वर्षं भाकरी घातली त्यांना म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला लागू नये. पण ते सरकारशी भांडायचं भांडण आहे. ते सव्वीस वर्षांच्या पोरीशी भांडून काय निघणार? मेहुण्यांचे कागद घेऊन एकदा त्या कार्यालयात जा, कल्याण संघटक असतात, राज्य सरकारची मदत आणि आईवडिलांसाठी काय लागू होतं ते समोर बसून लिहून घ्या. ऐकीव आकड्यांनी जेवढी घरं फोडली तेवढी कमी पैशांनी नाही फोडली.

आता मला तुम्हालाच एक विचारायचं आहे. त्या सुनेच्या माहेरी तुम्ही गेलात का? तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन निघून गेली. तिच्याही घरी दारवर जावं लागतं, पण जात कोणी नाही, कारण दुःखाचा पत्ता सासरचा असतो. केळीची एक फणी घ्या, लेकरासाठी काही तरी घ्या आणि एकटे जा. निवाडा करायला नाही, नुसते मामा म्हणून. त्या चिमुरडीचा एखादा फोटो घेऊन परत या आणि बहिणीच्या हातात द्या. पुढचं त्या दोघींना जमेल तेव्हा जमेल. बहिणीला ओढत नेऊ नका.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमचा एक माजी विद्यार्थी देशासाठी गेला. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आम्ही त्याच्या आईवडिलांना बोलावून शाल-श्रीफळ देतो. या वर्षी मुलांनी त्याच्या शेवटच्या लढाईचं नाटक बसवलं होतं. आई मध्येच उठून गेल्या. आमचं काही चुकलं का?

उत्तर : हो, बाई, चुकलं. हेतू चांगला होता हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर त्या उठून गेल्या, बोलल्या नाहीत. ज्या मरणाची कल्पना करून त्यांच्या रात्री जातात ते तुम्ही दुसरीतल्या पोरांकडून लाकडी बंदुका घेऊन करून दाखवलंत.

घरी जाऊन माफी मागा, छोटीशीच. आणि पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिका पाठवू नका, आठवडाभर आधी स्वतः जाऊन विचारा : यायचं आहे का? नको म्हणाल्या तर नको. येणार असतील तर व्यासपीठावर नाही, पालकांच्या खुर्च्यांत बसवा, जवळ ओळखीची बाई द्या.

मीही एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. माझ्या एका शाळेत असाच एक विद्यार्थी होता, त्याचे वडील सालदार. ध्वजवंदनाला ते यायचे, मागे उभे राहायचे, शाल घेतल्यावर तिची घडी तशीच काखेत धरून निघून जायचे. एका वर्षी मी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि कपाटातून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं. पान शोधलं. पोराचं नाव, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, आणि कडेला निळ्या शाईचा अंगठा.

त्यांना वाचता येत नव्हतं. मी नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हळूच बाजूला केलं आणि त्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला.

"हाऊ मना?"

म्हटलं, "हो, तुमचाच. जुलैत आलात तुम्ही नाव घालायला, शाळा उघडून बरेच दिवस झाले होते."

"नाल्याले पूर व्हता," ते म्हणाले. "खांद्यावर बसाडीसन लयना व्हतू."